न दिसणाऱ्या दिव्याचा पत्ता

अंधाऱ्या रात्री दावे तोडून बैल सुटला आणि माळावरच्या दुसऱ्या गुरांत जाऊन मिसळला, म्हणजे आपण काय करतो? आधी कान देऊन ऐकतो. घंटा कुठून वाजतेय? ओढ्याकडून की टेकाडाकडून? दिशा कळली की त्या रोखाने चालू लागतो. जवळ गेल्यावर दहा-बारा काळ्या आकृती दिसतात. घंटा त्यांपैकी एकाच्याच गळ्यात आहे. पण ती कोणाच्या गळ्यात, हे अंधारात दिसत नाही. मग आपण जरा थांबून बघतो. मान हलली की घंटा वाजते, मान थांबली की घंटाही थांबते, असे ज्या आकृतीचे जुळते तो आपला बैल.

आज जी हकीकत सांगायची आहे ती आकाशातली असली, तरी तिची रीत हीच आहे. आकाशात काही दिवे असे आहेत की, त्यांचा खरा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यांच्यापासून निघतात ते क्ष-किरण. शिवाय हे दिवे समईसारखे एकसारखे तेवत नाहीत. कधी भडकतात, कधी मंदावतात, काही तर वर्षानुवर्षे विझल्यासारखे असतात आणि एके दिवशी अचानक पेटतात. अशा दिव्याची जागा कशी शोधायची? आणि त्या जागेवर जे शेकडो तारे दिसतात, त्यांतला नेमका कोणता त्या दिव्याचा धनी, हे कसे ठरवायचे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कृष्णविवर नावाची जी अजब वस्तू आहे, तिच्या अस्तित्वाचा पहिला भक्कम पुरावा या ओळख पटवण्यावरच उभा राहिला. ओळख चुकली असती, तर पुरावाही कोसळला असता.

क्ष-किरण आपल्याला परके नाहीत. हात मोडला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात, तेच हे. आपल्या साध्या उजेडाचेच हे भावंड, पण फार जोरकस. मांसातून आरपार जातात, हाडाशी अडतात. कोणी विचारील, ‘‘एवढे जोरकस किरण आकाशातून येतात, तर मग आपल्या अंगावर का पडत नाहीत?’’ त्याचे कारण आपल्या डोक्यावरची हवा. हवा विरळ वाटते खरी. पण तिचा सगळा थर वजनाने मोजला, तर तो सुमारे दहा मीटर खोल पाण्याएवढा भरतो. एवढ्या थरातून आकाशातले क्ष-किरण जमिनीपर्यंत येऊ शकत नाहीत. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण ज्याला ते किरण पाहायचे आहेत, त्याला हवेच्या वर गेल्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून ही विद्या अग्निबाणाच्या युगातच जन्माला आली. १८ जून १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक अग्निबाण सोडण्यात आला. रिकार्दो जियाकोनी, ब्रूनो रॉसी आणि त्यांचे सहकारी यांचा हा प्रयोग होता. सूर्याचे क्ष-किरण चंद्रावर पडून चंद्र त्या उजेडात थोडासा उजळतो का, हे त्यांना पाहायचे होते. अग्निबाण वर गेला, स्वतःभोवती गिरक्या घेत राहिला आणि जेमतेम सहा मिनिटे मोजमाप करून खाली आला. चंद्राकडून काही सापडले नाही. पण दर गिरकीत एका विशिष्ट बाजूला तोंड झाले की यंत्राची मोजणी एकदम चढत होती. ती बाजू चंद्राची नव्हती. सूर्य तर मावळलेलाच होता. म्हणजे सूर्यमालेच्या बाहेर, दूर ताऱ्यांच्या मुलखात, क्ष-किरणांचा एक प्रचंड उगम होता. पुढे जियाकोनी यांना २००२ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

घंटा ऐकू आली होती. पण कुठून? यंत्राचे तोंड इतके रुंद होते की, आकाशाच्या मोठ्या पट्ट्याकडे बोट दाखवण्यापलीकडे काही सांगता येत नव्हते. १९६३ च्या एप्रिलमध्ये हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने यंत्रापुढे मधाच्या पोळ्यासारख्या नळ्या बसवल्या आणि आकाशाचा सुमारे दहा अंशांचाच तुकडा एका वेळी दिसेल अशी तजवीज केली. कागदाची सुरळी डोळ्याला लावली म्हणजे आपण एका वेळी थोडेच पाहतो, तसेच हे. तेव्हा कळले की हा उगम वृश्चिक राशीत आहे. त्याला ‘स्कॉर्पियस एक्स-१’ असे नाव पडले.

ही जागा तुम्हांलाही पाहता येईल. पाऊस लागण्यापूर्वी, वैशाख-ज्येष्ठात, रात्री नऊ-दहाच्या सुमारास आग्नेयेकडे बघा. विंचवाच्या काळजाशी तांबूस ज्येष्ठा तारा दिसेल. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. ज्येष्ठेपासून उत्तरेला, म्हणजे वर डावीकडे, एक मूठ मोजा. त्या जागेच्या आसपास हा दिवा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. दुर्बिणीतून पाहावे, तर दहा अंशांच्या तुकड्यात तारे हजारोंनी आहेत. गाव सापडले, पण घर सापडायचे होते.

इथे मापांचा थोडा हिशेब लक्षात ठेवू. पंचांगात आपण वाचतोच: एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. पौर्णिमेचा चंद्र सुमारे अर्धा अंश, म्हणजे तीस कला रुंद दिसतो. ताऱ्याचे घर गाठायचे, तर निदान एक-दोन कलांपर्यंत आणि शक्य तर विकलांपर्यंत पोचायला हवे.

एका उगमासाठी तर खुद्द चंद्रच मदतीला आला. वृषभ राशीत खेकडा तेजोमेघ म्हणून एक ढग आहे. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी जो तारा फुटताना पाहिला, त्याचे हे अवशेष. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र या मेघावरून सरकत जाणार होता. फ्रीडमन यांच्या गटाने नेमका त्याच मिनिटांचा मुहूर्त साधून अग्निबाण सोडला. चंद्राची कड कुठे असताना क्ष-किरण कमी होतात, हे पाहिले की जागा कळते. किरण एकदम न तुटता हळूहळू कमी होत गेले. म्हणजे उगम मेघातच होता आणि तो ठिपक्यासारखा नसून पसरलेला होता.

पण वृश्चिकातल्या त्या दिव्यासाठी दुसरी वाट शोधावी लागली. तिथे जपानी शास्त्रज्ञ मिनोरू ओडा यांची युक्ती कामी आली. यंत्रापुढे बारीक तारांच्या दोन जाळ्या, एकीमागे एक, थोड्या अंतरावर ठेवायच्या. समजा, रस्त्याकडेला कामट्यांची दोन कुंपणे एकामागे एक आहेत आणि पलीकडे दूर कंदील आहे. आपण चालू लागलो म्हणजे कंदील दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. कंदील कोणत्या पावलावर दिसला आणि कोणत्या पावलावर लपला, हे मोजले तर त्याची दिशा फार बारकाईने काढता येते. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात दोन सारख्या फण्या चार बोटांच्या अंतराने समांतर धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बारीक बल्बकडे पाहा आणि फण्या किंचित फिरवा. मुलांना हे एका मिनिटात पटेल.

१९६६ च्या मार्चमध्ये या जाळ्या अग्निबाणावरून वर गेल्या आणि एक-दोन कलांएवढ्या दोन छोट्या चौकटी हाती आल्या. उगम या दोहोंपैकी एकीत असणार होता. शास्त्रज्ञांनी आधीच अंदाज बांधला होता की, तारा निळा असावा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी मंद ताऱ्याहूनही शेकडो पटींनी मंद असावा. जून १९६६ मध्ये जपानातल्या ओकायामाच्या आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणी त्या चौकटींकडे वळल्या. तसाच एक निळा तारा सापडला. तो मिनिटामिनिटाला कमी-जास्त होत होता. पुढे क्ष-किरण आणि साधा प्रकाश यांची एकाच वेळी मोजणी झाली, तेव्हा हा तारा भडकला असताना दोन्ही बरोबरच वाढतात असेही आढळले. मान हलली, घंटा वाजली! हा तारा साध्या उजेडात जेवढी शक्ती टाकतो, तिच्या सुमारे हजार पट क्ष-किरणांत टाकतो. आपल्याकडेही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एप्रिल १९६८ मध्ये हैदराबादहून उंच बलून सोडून याच दिव्याचे क्ष-किरण मोजले.

मग हे दिवे पेटतात कशाने? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते. जितके तापेल तितका उजेड जोरकस. तेच एखादी वस्तू कोटीभर अंश तापली, तर ती क्ष-किरण टाकू लागेल. आकाशात ही भट्टी जोडताऱ्यांत सापडते. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. एक साधा तारा, दुसरा आटून गोळा झालेला. या दुसऱ्याची ओढ एवढी जबर की, तो पहिल्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. तो वायू भोवऱ्यासारखा गरगरत आत जातो, आपसांत घासतो आणि भयंकर तापतो. वायूची आवक वाढली की दिवा भडकतो. आवक घटली की मंदावतो. म्हणजे दिव्याचे लुकलुकणे हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या पोटात काय चालले आहे, ते तेच सांगते.

अग्निबाणाची पाच-सहा मिनिटे पुरी पडेनात. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या सान मार्को तळावरून अमेरिकेचा एक उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन. म्हणून उपग्रहाला स्वाहिली भाषेतले ‘उहुरू’ हे नाव दिले. त्याचा अर्थ स्वातंत्र्य. हळूहळू गिरक्या घेत उहुरूने सगळे आकाश पालथे घातले आणि त्याच्या शेवटच्या यादीत ३३९ उगम नोंदले गेले.

त्यांतला एक हंस तारकासमूहात, हंसाच्या मानेत आहे. त्याचे नाव ‘सिग्नस एक्स-१’. उहुरूने पाहिले की, हा सेकंदाच्याही काही अंशांत कमी-जास्त होतो. यावरून एक मोठी गोष्ट कळते. मोठ्या जत्रेत सगळे दिवे एका हुकुमाने एकदम विझवता येत नाहीत. हुकूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. आकाशात प्रकाशाहून वेगाने कोणताही हुकूम जात नाही आणि प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. तेव्हा जो उगम सेकंदाच्या आत बदलतो, तो तीन लाख किलोमीटरहून मोठा नसणार. आपल्या सूर्याचा व्यासच जवळजवळ चौदा लाख किलोमीटर आहे. म्हणजे हा दिवा सूर्याहून पुष्कळ लहान आणि तरी कमालीचा शक्तिमान.

आता धनी कोण? काही कलांच्या चौकटीत अनेक तारे होते. त्यांत एचडीई २२६८६८ या क्रमांकाचा एक निळा, मोठा तारा उठून दिसत होता. छोट्या दुर्बिणीतूनही तो दिसतो. मोह असा होतो की, हाच तो, असे म्हणून मोकळे व्हावे. पण चोरीच्या जागेजवळ उभा होता एवढ्यावरून कोणी चोर ठरत नाही. असे निळे तारे आकाशात इतरत्रही आहेत आणि ते असे क्ष-किरण टाकत नाहीत. साक्ष हवी होती, आणि ती दिव्याच्या लहरीपणानेच दिली.

१९७१ च्या मार्चअखेरीस या उगमाचे कमी जोराचे क्ष-किरण एकदम घसरून सुमारे चौथ्या हिश्शावर आले. आणि नेमक्या त्याच सुमारास, जिथे पूर्वी रेडिओ लहरी सापडत नव्हत्या, तिथे एक रेडिओ उगम प्रकट झाला. हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क येथे आणि अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथे तो वेगवेगळा टिपला गेला. दोन बदल एकाच वेळी घडले, म्हणजे ते एकाच घरातले. रेडिओ दुर्बिणी जोडीने वापरल्या तर जागा विकलेपर्यंत सांगतात. ती जागा बरोबर त्या निळ्या ताऱ्यावर आली.

मग लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी इंग्लंडमध्ये आणि टॉम बोल्टन यांनी कॅनडात त्या ताऱ्याच्या प्रकाशाचे रंगपट घेतले. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो, दूर जाताना उतरतो. ताऱ्याच्या प्रकाशाचेही तसेच होते. त्यावरून दिसले की हा तारा दर ५.६ दिवसांनी एका न दिसणाऱ्या सोबत्याभोवती फेरी घालतो. सोबत्याचे वजन काढले, तर ते तीन सूर्यांहून खूप जास्त भरले. एवढ्या वजनाचा आटलेला तारा तारा म्हणून टिकूच शकत नाही. त्याचे कृष्णविवर होते. प्रकाशही ज्यातून बाहेर पडत नाही, अशी ती जागा. तरी शंका घेणारे होते आणि ते चांगलेच होते. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी किप थॉर्न यांच्याशी पैज लावली की हे कृष्णविवर नाही. १९९० साली त्यांनी ती हरल्याचे मान्य केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे हे विवर सुमारे २१ सूर्यांच्या वजनाचे असून सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे दूर आहे.

आता जे दिवे एरवी विझलेलेच असतात, त्यांची गोष्ट. ३ ऑगस्ट १९७५ रोजी एरियल-५ या ब्रिटिश उपग्रहाला एक नवा उगम दिसला. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण सारे ओळखतो. त्या बाणापासून पूर्वेला साधारण एक मूठ मोजली की ही जागा येते. काही दिवसांत या उगमाने वृश्चिकातल्या दिव्यालाही मागे टाकले. त्या जागी पूर्वीच्या छायाचित्रांत जेमतेम दिसणारा एक अंधुक तारा होता. तो आता शेकडो पटींनी उजळला होता. क्ष-किरण चढले तसा ताराही चढला. ओळख पटली.

मग कोणीतरी जुनी दप्तरे उघडली. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेने १८८० च्या दशकापासून आकाशाची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेऊन जपून ठेवली आहेत. अशा पाच लाखांवर काचा तिथे आहेत. त्यांत सापडले की, हाच तारा १९१७ सालीही असाच भडकला होता. तेव्हा क्ष-किरणांचे आकाश कोणी पाहिले नव्हते. ज्याने ती काच उजेडाला धरली, त्याला आपण काय टिपतो आहोत याची कल्पनाही नसेल. अठ्ठावन्न वर्षांनी ती नोंद साक्षीला उभी राहिली. पुढे दिवा विझल्यावर त्या अंधुक ताऱ्याची फेरी मोजता आली. ती पावणेआठ तासांची भरली आणि १९८६ साली जेफ्री मॅक्लिंटॉक व रोनाल्ड रेमिलार्ड यांनी दाखवून दिले की, इथलाही न दिसणारा सोबती तीन सूर्यांहून जड आहे.

असे अचानक पेटणारे दिवे पकडायचे, तर सतत पहारा हवा. त्यासाठी एक गमतीची रचना वापरतात. उन्हाळ्यात मांडवाच्या झावळ्यांतून जमिनीवर कवडशांची नक्षी पडते. सूर्य सरकला की नक्षी सरकते. नक्षी किती सरकली हे पाहून सूर्य कुठे आहे ते न बघताही सांगता येईल. तसाच ठरावीक भोकांचा पत्रा यंत्रावर बसवतात. आकाशात अनेक उगम असले, तर अनेक सावल्या एकमेकींवर पडतात. गणिताने त्या सुट्या करतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर असाच एक फिरता पहारेकरी बसवला होता. त्याच उपग्रहावरची क्ष-किरण मोजणारी मोठी यंत्रे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, आणि पुण्याच्या आयुका संस्थेचाही त्या कामात वाटा होता. पहारेकऱ्याने काही कलांपर्यंत जागा सांगायची; मग अधिक तीक्ष्ण डोळ्यांनी ती विकलेपर्यंत आणायची. १९९९ साली सोडलेली ‘चंद्रा’ ही अवकाश-दुर्बीण त्या बाबतीत फार तीक्ष्ण. तिचे नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवले आहे. रेडिओची साक्षही लागतेच. नारायणगावाजवळ खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत; भडकलेल्या क्ष-किरण उगमांचे वेध तिथूनही घेतले गेले आहेत.

तेव्हा श्रोतेहो, न दिसणाऱ्याची ओळख पटवायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जागा जुळावी, रूप जुळावे आणि बदलाची वेळ जुळावी. नुसती जागा जुळली तर तो योगायोग असू शकतो. पण घंटा थांबली तेव्हाच मान थांबली, असे पुन्हा पुन्हा दिसले, तर मग संशयाला जागा फार थोडी उरते.

शिक्षकांना जाता जाता एक विनंती. शाळेत पाऊस मोजता, तशीच आकाशाची एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणता तारा कसा दिसला, एवढेच लिहायचे. मृगातला तांबडा काक्षी तारा डोळ्यांनीच कमी-जास्त होताना टिपता येतो. नोंद करताना तिचा उपयोग कळत नाही, म्हणून ती टाळू नये. १९१७ सालची ती काच कोणी कंटाळून घेतली नसती, तर १९७५ साली विचारायला कोणी साक्षीदारच नव्हता.